दांड्यातली थरथर

“दांडा अजून थरथरतोय. असलं यंत्र मी कुणा वैमानिकाच्या हाती देणार नाही.”

एवढे बोलून कॅप्टन सिद्धलिंगप्पा सिम्युलेटरमधून उतरले आणि निघून गेले. होटगी रस्त्यावरच्या त्या शेडमध्ये जमिनीवर राहून विमान उडवायला शिकवणारी यंत्रे तयार होत. या निवृत्त वैमानिकाच्या सहीवाचून एकही बाहेर पडत नसे.

दोष दाक्षायणीच्या माथी आला, कारण विमान वळवण्याचा तो दांडा तिनेच जुळवला होता. तिने तो उकलला, पुन्हा जोडला, स्वतः धरून पाहिला. दांडा निश्चल होता.

“मॅडम, दांडा कुटं थरथरतोय?” बिरदेव मिस्त्री हळूच म्हणाला. “सायबांचा हात थरथरतोय की.”

“मग सांगा त्यांना.”

“मी? तुमी लई हुशार की, मॅडम!”

निवृत्तीनंतर कॅप्टनांचे आकाश त्या एका खुर्चीपुरते उरले होते. तेही काढून घ्यायचे? दाक्षायणीला हे काम शिकवले त्यांनीच. तिच्याने बोलवेना. तिने संगणकावरून दांडा किंचित जड केला; हाताचा कंप त्यात जिरून जावा, इतकाच. विमानाचा तोल जाण्यापूर्वी वैमानिकाला सावध करणारी बारीक थरथरही त्यात जिरणार, हे तिला पुरते ठाऊक होते. सही झाली की सारे पूर्ववत करू, असे तिने मनाला बजावले.

दुसऱ्या सकाळी कॅप्टन खुर्चीत बसले. समोरच्या पडद्यावर धावपट्टी मागे पडली, विमान वर चढले. दांडा स्थिर राहिला. त्यांचा चेहरा क्षणभर उजळला, मग विझला. त्यांनी हात काढून घेतला.

“काय केलंस?”

“दोष काढला, सर.”

“दोष यंत्राचाच निघावा, असं मलाही फार वाटत होतं. पण काल संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, कंप माझ्या हातात आहे, आणि तो जाणारा नाही.” त्यांनी मागे वळून तिच्याकडे पाहिले. “मग आज हा दांडा गप्प कसा?”

दाक्षायणीने दांडा जड केल्याची संगणकावरची नोंद त्यांना दाखवली.

“हे यंत्र नापास,” कमरेचा पट्टा सोडवत ते म्हणाले. “कालचं पास. परीक्षक मात्र दुसरा शोध.”