नव्या गाडीचा वास

मुलांनो, अशी कल्पना करा, की गाड्यांच्या दुकानातला बोलका फलक गिऱ्हाइकाच्या घरच्या सगळ्यांची धडधड ऐकतो आणि जितकी ओढ, तितका भाव चढवतो.

परिचारिका सुलक्षणाताईंना घाटापलीकडच्या दवाखान्यात जायला गाडी हवीच होती. जवळ सातच लाख होते आणि फलक आठवर अडला होता.

"घरी विचारून सांगते," त्या उठत म्हणाल्या.

"खोटं! तुम्हाला ही गाडी फार आवडलीय," फलक म्हणाला.

"मला नाही आवडली," त्यांची लेक शाल्मली नाक दाबून म्हणाली. "नव्या गाडीच्या वासानं मळमळतं मला."

फलकानं तिची धडधड ऐकली. पोरगी खरंच बोलत होती. आकडा साडेसहावर उतरला. हुश्श करत ताईंनी लगेच सही केली.

शाल्मलीनं गाडीची चारही दारं उघडली आणि वहीच्या पुठ्ठ्यानं ती गाडीला वारा घालू लागली.