शेततळ्यातला भोवरा

प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात सकाळपासून भोवरा फिरत होता. पाणी कुठून येत नव्हतं, कुठे जात नव्हतं.

"माय, समुद्रमा दोन धारा भिडतस तवय भवरा व्हस," समाधान म्हणाला. "आठे ते एकबी धार नई. चाल घर."

"मन्हं पानी शे. मी कसाले जाऊ?"

त्याची आई झुंबरबाई जन्मभर ताक घुसळलेली बाई. तिने लांब बांबू पाण्यात घातला आणि उलट्या बाजूने फिरवला. भोवरा हळूहळू थांबला.

मग बांबू तिच्या मुठीतच पुन्हा सुलट फिरू लागला. खालचा हातही सवयीचा होता.

झुंबरबाईने पदर खोचला. "वर ये, मंग दखसू," ती पाण्याला म्हणाली.

फिरणं थांबलं. कोणीतरी चढू लागल्यासारखा बांबू वाकला.

तिने तो सोडला नाही.