पाचव्या दिवशी उकरलेली माती

१९४४ सालच्या चैत्रात नानासोनं आईला दुपारच्या आत मातीआड केलं आणि पाचव्या दिवशी तीच माती स्वतःच्या हातानं परत उकरली.

इस्लामपूरपासून दोन कोसांवर, कृष्णेच्या काठी त्याचं गाव. त्या महिन्यात पटकीनं गावातली अकरा माणसं नेली होती. त्याची आई साळूबाई पहाटे आजारी पडली आणि न्याहारीच्या वेळेला गार झाली. नाडी लागेना. पाटलांनी दारातूनच सांगितलं, "नानासो, लवकर उचला. रोग पसरंल."

घर लिंगायत वाण्याचं. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत, पुरतात. तेही निजवून नाही, बसवून. खड्ड्याच्या भिंतीत देवळी कोरायची, तीत मांडी घालून बसवायचं, ओंजळीत गळ्यातलं इष्टलिंग द्यायचं आणि विभूती-मिठानं देवळी गच्च भरायची.

नानासोच्या बायकोनं, बनुबाईनं, सासूला आंघोळ घातली, भिंतीला टेकवून बसवलं. पण अंग ताठेना. हात मांडीवरून सारखे घसरत होते. "आत्याबाई, आज तरी ऐका की माझं," ती रडतरडत म्हणाली आणि पांढऱ्या दोऱ्यानं तिनं सासूच्या हातांचे दोन्ही अंगठे एकत्र बांधले. तिची गाठ गावात प्रसिद्ध होती. दुकानातली गुळाची पुडी हातात घेऊन गिऱ्हाइकं म्हणायची, "वैनी, गूळ दिलाय का तिजोरी?"

मीठ मात्र वाण्याच्याच घरी नव्हतं. लढाईचे दिवस होते. डबे खरवडून दोन मुठी निघालं. मग देवळीच्या तोंडाला नुसती फरशी लावली आणि खड्डा बुजवला. मातीची पहिली पाटी नानासोनं टाकली.

तिसऱ्या दिवशी त्याचा मामा तात्याबा साताऱ्याहून आला. पहिल्या लढाईत इराकला जाऊन आलेला पेन्शनर शिपाई. बहिणीसाठी रडून झाल्यावर त्यानं विडी काढली.

"कवा गेली?"

"न्याहारीला."

"आन् माती कवा दिली?"

"दुपारच्या आत."

तात्याबाची विडी पेटवायची राहिली. "लय घाई केली रं. बसऱ्याला आमच्या पलटणीत पटकी शिरली, तवा एक गडी मेलेल्यांत टाकलेला. सांजचं उठून बसला आन् पानी मागाया लागला! डागदर म्हनला, पटकीत मानूस मेल्यागत दिसतंय, नाडी लागत न्हाई. तुमी अंग ताठ झाल्यालं बघितलं हुतं न्हवं?"

नानासोनं बायकोकडं पाहिलं. बनुबाई चुलीत फुंकर घालत राहिली.

तेव्हापासून नानासोच्या पोटात घास गेला नाही. "बने, फरशी लावताना आईच्या कपाळावर घाम हुता," तो पुन्हा पुन्हा म्हणे.

"आंघोळीचं पानी आसंल."

"घाम हुता. आन् पयली पाटी मी टाकली."

पाचव्या दिवशी सकाळी तो विहिरीच्या काठावर पाय सोडून बसलेला सापडला. बनुबाईनं त्याची बंडी धरून त्याला मागं ओढलं. "दोन पोरी हायत्या आपल्याला! चला, उकरून बघू."

मठाच्या स्वामींनी हात वर केले. "शिवाला मिळालेल्या माणसाची माती हलवत नाहीत."

बनुबाई त्यांच्यासमोर कधी मोठ्यानं बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "मग ह्यांच्यासाठी दुसरा खड्डा आजच खना, स्वामी. नंतर धावपळ नको."

स्वामी वाटेतून बाजूला झाले.

वासाला आणि रोगाला भिऊन गाव लांबच उभं राहिलं. खड्ड्याशी तात्याबा तेवढा आला. नानासोनं फरशीपर्यंत माती काढली आणि त्याचे हात थांबले. बनुबाई खड्ड्यात उतरली. "तुमी वर जावा. बसवलंय मी, मलाच कळंल."

तो वर येऊन पाठ करून उभा राहिला. फरशी सरकल्याचा आवाज आला.

"बने?"

"हाय तशाच हायती," खालून आवाज आला. "मी बसवल्या तशाच. तीळभर फरक न्हाई."

"हात?"

"मांडीवर."

"खरं सांग."

"पोरींच्या गळ्याशपथ."

नानासो तिथंच मटकन बसला आणि पाच दिवसांत पहिल्यांदा रडला. बनुबाईनं फरशी पुन्हा लावली आणि वर यायला डावा हात पुढं केला. उजवा पदरात गुंडाळलेला होता.

"उजवा दे की पोरी, तोल जाईल," तात्याबा म्हणाला.

"मळलाय त्यो."

त्या दुपारी नानासोनं अर्धी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं.

तात्याबा एक्कावन्न साली साताऱ्यात वारला. त्यानं बजावून ठेवल्याप्रमाणं मुलांनी त्याला दीड दिवस घरात ठेवला. स्वामी म्हातारे होऊन मठातच गेले. थोरली पोरगी सांगलीला दिली, धाकटी शिरवळला. दोघींची घरं भरली. नानासोचं दुकान चांगलं चाललं. मरणाचा विषय निघाला की तो सांगायचा, "आमची आई लय शांत गेली. आमच्या हिनं डोळ्यानं बघितलंय." बनुबाई गल्ल्यामागं बसून ऐकायची. पुड्यांना दोरा बांधणं तिनं कधीच सोडलं होतं. कागद नुसता दुमडून द्यायची, आणि सांडलेल्या साखरेवरून गिऱ्हाइकं कुरकुरायची.

एकाहत्तर साली ती गेली. शेवटी एवढंच म्हणाली, "मला बसवू नगा. आग द्या." भावकी चिडली, तरी नानासोनं तिचं ऐकलं.

महिन्याभरानं पोरींना लुगडी वाटायला त्यानं तिची ट्रंक उघडली. तळाशी एक दुमडलेली पुडी होती. आत मातीनं मळलेला पांढरा दोरा होता. गाठ तिचीच, तशीच घट्ट. दोरा गाठीच्या शेजारी दातांनी कुरतडून तोडलेला होता.