भागीरथीची रिक्षा

"क्लच दाब. आता हळूहळू सोड," मागच्या सीटवरून निंबा म्हणाला. भागीरथीनं एकदम सोडला. रिक्षानं उडी मारली आणि बंद पडली.

मैदानाच्या कडेला बसलेल्या बायका खदखदून हसल्या. निंबा हसला नाही. "पुन्हा," म्हणाला.

लिंबायतमध्ये बारा वर्षं रिक्षा चालवलेल्या निंबाला बायकोच्या, भागीरथीच्याच, किडनीनं जगवलं होतं. पण शरीरानं ती किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांनी त्याचे हात थरथरायला लागले. चहा ओठांपर्यंत येईतो अर्धा शर्टावर सांडायचा.

"गोळी चुकवायची नाही," डॉक्टरांनी बजावलं. "डोस उतरवत नेऊ. हात थांबतीलही."

निंबानं रिक्षा विकायचं काढलं, तेव्हा भागीरथी आडवी आली. "विकायची नाही. मला शिकवा."

महिनाभरात ती शिकली. निंबानं कडोदऱ्याला वॉचमनची नोकरी धरली. स्टँडवरच्यांनी आधी भागीरथीला रांगेत उभं राहू दिलं नाही. वर्षभरात तेच तिला रांगेत पुढे करत म्हणू लागले, "भाभी, पहेलां तमे."

ती कुठवर जाऊन आली, ते संध्याकाळी निंबा विचारायचा, "आज कथी गयती?"

"चलथाणलगून!" मग उसाचे ट्रक कसे मागे टाकले, ते ती जेवण निवेपर्यंत सांगत बसायची. निंबा तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. सांगता सांगता तिची नजर त्याच्या हातांवर जायची आणि ती ओशाळायची.

"रिक्षा तुमनीच शे. हात थांबले का त्याच दिवशी सोडी देसू."

निंबाच्या हातातला पेला हिंदकळायचा. "आता कुठले थांबतात!"

डॉक्टरांनी डोस दोनदा कमी केला. थरथर तशीच. पण एवढं होऊनही हा माणूस कधी कुरकुरला नाही, याचं भागीरथीला फार कौतुक वाटे.

एका गुरुवारी निंबाला सुट्टी होती. भागीरथी गाडीचा विसरलेला कागद न्यायला भरदुपारी घरी आली. दार अर्धं उघडं होतं. निंबा खिडकीपाशी बसून तिच्या खाकी शर्टाला बटण लावत होता. त्यानं दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि एका दमात सुईत ओवलं. मग एकसारखे, बारीक टाके घालू लागला.

भागीरथी उंबऱ्यातच थबकली. तिच्या बांगड्या किणकिणल्या.

निंबानं मान वर केली नाही. फक्त त्याचे हात थरथरू लागले.