भट्टीसमोरचा रस्ता

लांब पल्ल्याच्या सायकल-शर्यतीसाठी त्यानं पाव, भात, साखर सोडली आणि तो लोणी-अंड्यांवर आला. पंचाईत एकच, बाप बेकरीवाला. पहाटे सरावाला भट्टीसमोरूनच जावं लागायचं आणि ताज्या पावाच्या वासानं ब्रेक दाबला जायचा. त्यानं गुपचूप रस्ताच बदलला. आठवड्यानं आई म्हणाली, "अरे, बाबा रोज दारात पाव घेऊन उभे असतात. त्यांना वाटतंय, तू रुसलायस." दुसऱ्या दिवशी तो भट्टीपाशी थांबला. "रुसलो नाही बाबा. एक घास खाल्ला की मुसळ केरात!" "आईनं रात्री सांगितलंय सगळं, शहाण्या." बाबांनी पावाच्या कागदातली, भट्टीवर उकडलेली अंडी पुढे केली. "कागदाचा वास तरी घे, वासात साखर नसते." अंडी त्यानं तिथंच खाल्ली, कागद जर्सीच्या खिशात ठेवला. शर्यतीत शेवटच्या चढाला त्यानं तो हुंगला. नुसता घामाचा वास आला, तरी त्याला भट्टी गाठायची घाई झाली.