डावा कोपरा

पिंपरीच्या कारखान्यानं मुरलीधरला नोकरी दिली ती बास्केटबॉलसाठी. बॉल जाळीत टाकायचा मान दुसऱ्यांचा. मुरलीनं तो पुढं आणायचा आणि ज्याच्या त्याच्या हातात पोचवायचा. डाव्या कोपऱ्यात सोपान असायचा. त्याच्याकडं मुरली कधी बघायचासुद्धा नाही, बॉल बरोबर पोचायचा.

मुदतीच्या तापानं सोपान गेला. त्यानंतरच्या पहिल्याच मॅचला मुरलीनं डाव्या कोपऱ्यात बॉल फेकला. तिथं कुणीच नव्हतं. बॉल बाहेर गेला, लोक हसले.

"अरे, तिकडं कोण आहे?" कॅप्टन ओरडला.

थोड्या वेळानं मुरलीनं पुन्हा तेच केलं. या खेपेला कुणी हसलं नाही. खुर्चीवर बसलेल्या कारखान्याच्या साहेबांनी खूण केली आणि कॅप्टननं त्याला खेळातून काढलं.

मान खाली घालून तो बॉल आणायला गेला. बॉल एका म्हाताऱ्याच्या पायाशी थांबला होता. ते सोपानचे वडील, गेनबा. पोराची ट्रंक न्यायला चऱ्होलीहून आले होते. पोरगं जिवंत असताना त्याचा खेळ बघायला त्यांना कधी सवड झाली नव्हती.

"माफ करा तात्या, चुकलं माझं," मुरली म्हणाला.

गेनबांनी बॉल उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला. त्यांची नजर त्या रिकाम्या कोपऱ्यावरून हलत नव्हती.

"म्हंजी माजा सोपाना तितं उभा ऱ्हायचा व्हय?"