शर्नेटनं भरलेला फॉर्म

बारा वर्षं दर हंगामात अमेरिकेत सफरचंदं तोडून लिनव्हल जमैकाला, आपल्या गावी परतायचा. तिकडच्या कराचा त्याचा फॉर्म यंदा मुलीनं, शर्नेटनं, भरून दिला होता. महामारीत अमेरिकी सरकारच्या मदतीचा चेक थेट घरी आला, तेव्हा तिनं फॉर्मची प्रत काढून पुन्हा वाचली.

"पप्पा, ही मदत तिथल्या रहिवाशांसाठी आहे. मी चुकून त्यांचाच फॉर्म भरला."

"मग परत पाठव. पुढच्या हंगामाच्या यादीतून माझं नाव उडालं, तर हा चेक काय नीरफणसाबरोबर भाजून खायचा?"

चेक परत गेला, आणि पोस्टातल्या मिस इसिल्डानं ती गोष्ट गावभर केली. गावातले निम्मे पुरुष सफरचंदांच्या कामावर जाणारे. आता आपल्याला कागदाला हात कोण लावू देणार, या शरमेनं शर्नेट चार दिवस घराबाहेर पडली नाही.

पाचव्या दिवशी फाटकाशी अकराजण उभे होते, प्रत्येकाच्या हातात कागद.

"शर्नेटबाई, यापुढे आमचेही फॉर्म तूच भर," सगळ्यांत पुढचा टोपी काढून म्हणाला. "फार डोकं लावू नकोस. पप्पांचा भरलास ना, अगदी तसाच."